आठ तारखेचे हाफ-डे

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका वायर हार्नेसच्या युनिटमध्ये मी एकोणीस वर्षं नोकरी करते. हजेरी, पगार, पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा), रजेचे अर्ज, गेटपास, माणसांचा जो कागद असेल तो माझ्या टेबलावर येतो. आम्ही एकूण ४१ जण, त्यात २६ बायका. बहुतेक जणी किसननगर, इंदिरानगर, लोकमान्यनगरच्या, काही कळव्याहून येतात. लिफ्टच्या पॅनेलमध्ये किंवा एसीच्या आत रंगीत वायरींचा जो जुडगा दिसतो, तो आमच्याकडे बनतो.

ज्या बाईबद्दल लिहितेय तिला विचारून लिहितेय. ती म्हणाली, "लिहा ताई, पण नाव नको. मुलगा आठवीत आहे." म्हणून नाव नाही, आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये मी तिला मेमो दिला. मजकूर माझाच होता: सहा महिन्यांत १७ हाफ-डे, पाच दिवस न कळवता गैरहजर, कामात निष्काळजीपणा. मेमो द्यायचं कारण रबाळ्याच्या एका कस्टमरकडून परत आलेली लॉट होती. ती क्रिंपिंगला बसायची. क्रिंपिंग म्हणजे सोललेल्या वायरच्या टोकाला टर्मिनल दाबून बसवणं. मशीन छोटंसं असतं, पण हात लागतो. वायर अर्धा मिलिमीटर कमी आत गेली तरी वरून काही कळत नाही. तांब्याची एखादी तार बाहेर राहिली तरी टर्मिनल चकचकीत दिसतं. मग पॅनेल चालू होतं, थरथरतं आणि महिन्याभरात वायर सुटते. म्हणून आम्ही प्रत्येक लॉटमधले काही पीस ओढून बघतो, त्याला पुल टेस्ट म्हणतात. तिच्या हातचे पीस सहा वर्षांत कधी पुल टेस्टला सुटले नव्हते. त्या लॉटचे सुटले, तेही कस्टमरकडे.

मेमोवर तिने डाव्या हाताने सही केली. उजवा हात एप्रनच्या खिशात होता. मी ते बघितलं होतं. बघून मी फक्त एवढंच म्हटलं की सही नीट कर, रेकॉर्डला जाते.

पुढे दोन महिन्यांनी, ८ ऑगस्टला, संध्याकाळी सहाला सुट्टी व्हायच्या वेळी तिचा नवरा गेटवर आला. प्यायलेला होता. आमच्या वॉचमन मामांनी अडवलं तर त्याने केबिनच्या काचेत दगड घातला, मामांच्या हाताला दोन टाके पडले. तो कँटीनच्या दारापर्यंत आत आला, तिच्या नावाने ओरडत. आम्ही सगळ्या बायकांना आत घेऊन शटर ओढलं आणि ११२ ला फोन केला. मालाचा टेम्पो गेटवर अडकला. सव्वासात वाजेपर्यंत २६ बायका असेंब्लीच्या टेबलांमध्ये उभ्या होत्या, घरून फोनवर फोन येत होते. ती एका कोपऱ्यात खाली बसली होती, आणि माझी खात्री आहे, त्या वेळी तिला नवऱ्यापेक्षा जास्त भीती आमच्या नजरांची वाटत होती. कोणीतरी म्हणालंच, "एकीमुळे सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी सहाजणी आल्या नाहीत. एक एकोणीस वर्षांची मुलगी नुकतीच लागली होती, ती परत आलीच नाही. तिच्या आईने फोनवर सांगितलं, "तिथे मारामाऱ्या होतात, नको आम्हाला."

साहेबांनी मला बोलावलं. ते वाईट माणूस नाहीत. बँकेचा हप्ता आणि डिलिव्हरीच्या तारखा या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात सतत असतात. म्हणाले, "मॅडम, तिचा हिशेब करून टाका. बाई चांगली आहे, पण घरातलं भांडण कंपनीत नको."

मी हिशेब करायला बसले. सहा वर्षं झालेली, म्हणजे ग्रॅच्युइटी आली. शिल्लक रजा काढायला जुने मस्टर, म्हणजे हजेरीपट, काढावे लागले. हाफ-डेची खूण मी लाल पेनाने करते. दर महिन्याचं मस्टर मी त्या त्या महिन्यात बघत आले होते. त्या रात्री पहिल्यांदा दोन वर्षांची पानं टेबलावर शेजारी शेजारी मांडली. तिच्या ओळीतल्या लाल खुणा इकडे तिकडे पसरलेल्या नव्हत्या. महिन्यामागून महिना त्या एकाच जागी होत्या: ८, ९, कधी १०. आमचा पगार सात तारखेला खात्यात जमा होतो.

हिशेबाचा कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. त्यावर आमचा खर्च लिहायला लागले. परत आलेल्या लॉटची डेबिट नोट, म्हणजे कस्टमरने आमच्या बिलातून कापलेले पैसे. रिवर्कसाठी दोघींचा तीन दिवस ओव्हरटाइम. टेम्पोची परतीची फेरी. मामांचे टाके आणि दोन दिवस बदली वॉचमन. काच. सव्वा तास थांबलेल्या २६ बायका. दुसऱ्या दिवशी सहा जागा रिकाम्या असलेली लाइन. सोडून गेलेल्या मुलीच्या जागी नवी शोधायची ती वेगळीच. आणि तिला काढलं तर? क्रिंपिंगला हात बसायला आमच्याकडे तीन महिने लागतात. तोपर्यंतचं रिजेक्शन कोणाच्या खात्यात? हा शेवटचा आकडा न धरताच बेरीज तिच्या पाच महिन्यांच्या पगाराच्या वर गेली. हे सगळे पैसे आम्ही भरून मोकळे झालो होतो. वेगवेगळ्या फायलींत, वेगवेगळ्या नावांनी: रिजेक्शन, गैरहजेरी, किरकोळ दुरुस्ती, डिस्पॅचला उशीर. एका माणसाने घरात आणि गेटवर केलेल्या मारहाणीचं बिल आहे असं कुठल्याच व्हाउचरवर लिहिलेलं नव्हतं.

तिचं स्वतःचं नुकसान तर त्या कागदावर नव्हतंच. हाफ-डेची कपात. हजेरी बोनस प्रत्येक महिन्याला गेलेला. एकदा ईएसआयच्या दवाखान्यातून पाच दिवसांचं सर्टिफिकेट आणलं होतं, "जिन्यावरून पडले" म्हणून. त्यातले पहिले दोन दिवस वेटिंगचे, त्यांचे पैसे मिळत नाहीत, पुढच्या तीन दिवसांचे ७० टक्के. हे सगळं मला माहीत होतं. हा माझा रोजचा धंदा आहे.

सकाळी मी तिला स्टोअररूममध्ये बोलावलं. दार लावलं, चहा मागवला. ती उभीच राहिली, हिशेबाची वाट बघत.

"मस्टर बघितलं मी," मी म्हटलं. "आठ तारखेला काय होतं?"

बराच वेळ ती वायरच्या बॉबिनच्या लेबलकडे बघत होती. मग एका दमात बोलली. पगाराचं एटीएम कार्ड नवऱ्याकडे. सातला पैसे आले की तोच काढतो, आठला पितो. "आणि मग विचारतो, या महिन्यात कमी का आले. कुठे लपवलेस." कमी का आले यावरून मारायचा. पैसे कमी आलेले असायचे कारण मी मागच्या महिन्याचे हाफ-डे कापलेले असायचे. मार खाऊन ती पुन्हा उशिरा यायची, मी पुन्हा लाल खूण करायचे, पुढच्या सातला पैसे पुन्हा कमी. दोन वर्षं हे असं फिरत होतं आणि त्यातला एक हात माझा होता. मला तेव्हा बोलता येईना.

शेवटी विचारलं, "तुला काय हवंय?"

"नोकरी घालवू नका ताई. बाकी मी बघते."

आता पुढे काय, हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे अंतर्गत समिती होती, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्याने ती लागतेच. पण कँटीनमध्ये फ्रिजच्या मागे लावलेल्या कागदापलीकडे ती कोणाला ठाऊक नव्हती, आणि हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण त्या कागदावर माझंही नाव होतं. समितीवर बाहेरच्या सदस्य म्हणून एका संस्थेतल्या बाई आहेत, त्यांना फोन केला. त्यांनी आधी माझा गोंधळ सोडवला. नवऱ्याची मारहाण आमच्या समितीच्या कक्षेत येत नाही, समिती कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळासाठी आहे. इथे लागतो तो कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा, आणि तिथे पहिला माणूस म्हणजे त्या कायद्याखाली सरकारने नेमलेला संरक्षण अधिकारी.

मला भीती होती ती वेगळीच. परक्याच्या संसारात पडलो आणि उद्या त्याने आमच्यावरच केस टाकली तर? बाईंनी मला कलम ४ वाचून दाखवलं. हिंसा होतेय असं वाटायला कारण असेल तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. शेजारी, शिक्षिका, कारखान्याची क्लार्क, कोणीही. मी ते वाक्य लिहून घेऊन साहेबांना दाखवलं, खर्चाच्या कागदासकट. त्यांनी खर्चाचा कागद दोनदा वाचला. म्हणाले, "एवढं?" मग, "बघा तुम्ही. पण डिस्पॅच थांबता कामा नये."

संरक्षण अधिकारी बाईंकडे आम्ही दोघी गेलो. घटना अहवालाचा छापील नमुना असतो. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक आणि मानसिक, आणि चौथा भाग आर्थिक. मारहाणीच्या ओळींवर ती पटापट उत्तरं देत होती, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल सांगतेय. आर्थिक भागात एक ओळ आहे, नोकरी करायला अडथळा आणणे. आणखी एक, पगार किंवा मजुरी जबरदस्तीने काढून घेणे. तिथे ती थांबली. "हे पण यात येतं?" तिने विचारलं. "नवऱ्याने पगार घेतला तर तो गुन्हा कसा, असं मला वाटायचं." बाईंनी शांतपणे सांगितलं की हा पण हिंसाचारच. मग विचारलं, "कामाच्या ठिकाणी येऊन त्रास देतो का?" आणि माझ्याकडे बघितलं. मी गेटच्या रजिस्टरची झेरॉक्स पुढे केली. ८ ऑगस्ट, संध्याकाळी ५.५०, मामांच्या वळणदार अक्षरात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा २०१९–२१ चा आकडा मला त्या बाहेरच्या सदस्य बाईंनीच सांगितला. देशात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याची मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसली आहे. हिंसा सोसलेल्या बायकांपैकी कोणाकडे मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के. घरी येताना रिक्षात मी आमच्या लाइनवरच्या बायका मनात मोजत होते. सगळ्या विवाहित नाहीत, तरी तो हिशेब लावला तर सहा-सात निघतात. माझ्याकडे आली होती एक, तीही गेटवर दगड पडल्यावर.

आणि मग गौरी-गणपती आले. सासू-सासरे गावाहून आले, दीर पाया पडला, मुलगा रडला. ती नवऱ्याकडे परत गेली. अर्ज कोर्टात जायचा राहिला. साहेब म्हणाले, "बघितलंत? म्हणून मी म्हणत होतो." सुपरवायझरही तेच म्हणाला. मलाही राग आला होता, खोटं कशाला बोलू. तिच्याशी मी आठवडाभर कामापुरतंच बोलले. बाहेरच्या सदस्य बाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, बाई कायमची बाहेर पडण्याआधी बरेचदा परत जाते, तुम्ही दार लावू नका एवढंच.

घटस्थापना झाली त्या आठवड्यात ती टेबलापाशी आली. कपाळावर केसांत लपवलेली जखम होती. "ताई, तो फॉर्म आहे ना अजून?"

फॉर्म होता. माझ्याच ड्रॉवरमध्ये.

वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळाले, फुकट. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हे माझ्यासारख्या कागदात बुडालेल्या बाईलासुद्धा ठाऊक नव्हतं. कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत करण्याचा प्रयत्न सांगितला आहे. आमच्या बाबतीत नवराच सापडेना, नोटीस घ्यायला घरी नसायचा, त्यामुळे वेळ गेला. दरम्यान वकिलांनी अंतरिम आदेश मागितला. त्यासाठी त्यांनी मला जे मागितलं ते ऐकून मी गप्प झाले. गेट रजिस्टर तर हवंच होतं. दोन वर्षांचं मस्टर हवं होतं. आणि मेमो.

"मेमो कशाला?" मी विचारलं. "तो तर तिच्या विरुद्ध जाईल."

"अहो, १७ हाफ-डे तारखांसकट तुम्हीच लिहून दिलेत," ते म्हणाले. "दवाखान्याचे कागद त्यांच्या शेजारी ठेवू. कलम २० मध्ये बुडालेल्या कमाईची भरपाई मागता येते. ती मोजणार कशावर?"

मी प्रतिज्ञापत्र केलं. ज्या कागदाने मी तिला दोषी ठरवलं होतं तोच मी सही-शिक्क्यानिशी खरी प्रत म्हणून जोडला. अंतरिम आदेश मिळाला. त्यात मारहाण करायची नाही, संपर्क करायचा नाही, आणि तिच्या कामाच्या ठिकाणी पाऊल टाकायचं नाही. ही शेवटची गोष्ट वकिलांनी मुद्दाम मागून घेतली होती. कलम १८ मध्ये नोकरीच्या जागेचा उल्लेख स्पष्ट आहे. कायदा लिहिणाऱ्यांना २००५ मध्ये माहीत होतं की असा माणूस गेटपर्यंत येतो.

आदेशाची एक प्रत पोलिसांकडे गेली, एक मामांच्या केबिनमध्ये प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. डिसेंबरमध्ये तो एकदा आला. मामांनी गेट उघडलं नाही, फोल्डर हातात धरून ११२ लावला. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, हे मामा आता कोणालाही सांगतात. आत लाइन चालू होती. मला स्वतःला तो आल्याचं अर्ध्या तासाने कळलं.

युनिटमध्ये आम्ही ज्या गोष्टी बदलल्या त्या फार मोठ्या नाहीत. तिचा पगार नव्या बँकेत, नव्या खात्यात, कार्ड तिच्याकडे. ऑफिसच्या फोनवर कोणाही बाईबद्दल "आज आली आहे का, कधी सुटते" विचारलं तर सांगायचं नाही, निरोप घ्यायचा. सहाला सुटणाऱ्या बायका मागच्या गेटने तिघी-चौघी मिळून निघतात. समितीचा कागद फ्रिजच्या मागून काढून हजेरीच्या पंचिंग मशीनच्या वर लावला, खाली महिला हेल्पलाइनचा १८१ आणि ११२ मोठ्या आकड्यांत.

सगळ्यात जास्त वाद झाला तो रजेवर. कोर्टाची तारीख, दवाखाना, घर बदलणं यासाठी वर्षाला दहा दिवस भरपगारी द्या असं मी मागितलं. आपल्याकडे कायद्याने अशी रजा नाही. फिलिपाइन्समध्ये २००४ पासून आहे, न्यूझीलंडमध्ये २०१९ पासून, ऑस्ट्रेलियात २०२३ पासून, तिन्हीकडे दहा दिवसच. साहेब म्हणाले, सगळ्याच मागतील. मी म्हटलं, एक वर्ष देऊन बघू, मस्टर माझ्याकडेच आहे. त्या वर्षात दोघींनी मिळून नऊ दिवस घेतले. दुसरी कोण ते मी लिहिणार नाही. मार खाल्लाय हे सांगून रजा घ्यायला कोणाही बाईला हौस नसते. हे पुरुषांना पटवताना मला दर वेळी आवाज चढवावा लागतो.

आणि समितीकडे पुढे एक तक्रार आली, पहिल्यांदाच. ती आमच्याच शेडमधली होती. तिच्याबद्दल मी एक अक्षर सांगू शकत नाही, २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे सगळं गोपनीय असतं. एवढंच सांगते की तक्रार करणारी बाई सहा वर्षं आमच्याकडे आहे आणि ती म्हणाली, गेटवरच्या प्रकरणात तुम्ही काय करता ते मी बघत होते.

जिला मी मेमो दिला होता ती आता बहिणीजवळ कळव्याला भाड्याच्या खोलीत राहते. बहीण सकाळी मुलाला शाळेत सोडते. नीट व्हायला वेळ लागला. आदेश मिळाल्यावर लगेच हात पूर्वीसारखा चालेल असं मला वाटलं होतं, तसं झालं नाही. फेब्रुवारीपर्यंत मोठा आवाज झाला की क्रिंपिंगच्या मशीनवरून हात झटकन मागे यायचा. आम्ही तिला काही आठवडे टेस्टिंगला बसवलं. सुपरवायझर कुरकुरला, पण त्याने रोजचं टार्गेट बदलून दिलं, याचं श्रेय त्याला द्यायला हवं. आता दोन नव्या मुली तिच्या हाताखाली आहेत. त्यांच्याकडून ती पहिल्या आठवड्यात फक्त पुल टेस्ट करून घेते. दुसऱ्यांनी केलेले पीस ओढायला लावते, सुटले की का सुटले ते विचारते.

मुख्य अर्ज अजून चालू आहे. बुडालेल्या कमाईचा निर्णय व्हायचा आहे. मेमोची मूळ प्रत मी तिच्या फाइलमध्ये ठेवली आहे, त्यावर "रद्द" लिहून, तारीख घालून, माझी सही करून. तिने ती वाचली आणि एक झेरॉक्स मागून घेतली.

पुढची तारीख १९ ला आहे. त्या दिवशी क्रिंपिंगला तिच्या हाताखालची मुलगी बसेल. मस्टरमध्ये १९ च्या चौकोनात मी कालच निळ्या पेनाने लिहून ठेवलं: कोर्ट, भरपगारी.